चार नंबरची आखूड जर्सी

माझी तिसरी पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरातल्या मिलिटरी हॉस्पिटलात होती. नर्सिंग सर्व्हिसमध्ये मी कॅप्टन, आणि बास्केटबॉल टीमचीही कॅप्टन. सेलूची पोरगी, अंगानं ताडमाड. रिंगखाली उभी राहिले तरी जगावर उपकार करतेय असा चेहरा असायचा. आज फळीवरचा डबा मला नातीकडून काढून घ्यावा लागतो, तेव्हा हसून घ्या.

लेफ्टनंट विमल रुजू झाली ती आमच्याच परभणीकडची, पिंगळीची. माझ्या खांद्याला जेमतेम लागायची. टीममध्ये यायचंय म्हणाली.

"लेफ्टनंट, बॉल वर असतो," मी म्हणाले.

"वर कुठवर राहील, मॅडम? खालीच येणार हाय की."

पहिल्याच प्रॅक्टिसला शॉट हुकला. मी उडी मारून खाली येईपर्यंत हिनं पाठीनं मला रेटून जागा धरलेली, बॉल हिच्या हातात. हुकून परत आलेले सगळे बॉल, सगळे रिबाउंड, तिचेच. कुठं शिकलीस विचारलं, तर म्हणाली, पाच भावांत धाकटी. भाऊ चिंचा पाडायचे. दगड कुठल्या फांदीला लागला ते बघून चिंच पडायच्या आधीच तिथं उभं राहायचं, नाहीतर नुसती टरफलं मिळायची.

बॉल धरताना ती ओरडायची, "माझा हाय!" की बाकीच्यांनी मोकळ्या जागी पळायचं. थोड्याच दिवसांत केरळच्या आणि पंजाबच्या पोरीही तेच ओरडायला लागल्या. मेट्रननं विचारलं, हा कुठला कोडवर्ड? मी म्हणाले, परभणी सेक्टरचा.

कॅप्टन मी होते, पण शॉट हुकला की पोरी बघायच्या विमलकडं. हे मला सगळ्यांत शेवटी कळलं. उंच माणसाला खालचं उशिरा दिसतं.

माझी बदली आली. टीम कुणाकडं, असं मेट्रननं विचारलं. मी विमलचं नाव दिलं. रविवारच्या मॅचनंतर तिला सांगायचं ठरवलं, आणि माझी चार नंबरची कॅप्टनची जर्सी शिंप्याकडून तिच्या मापाला आखूड करून आणली.

शुक्रवारी दुपारी पुढच्या पोस्टवरून तीन जखमी जवान घेऊन अ‍ॅम्ब्युलन्स निघाली. ड्यूटी विमलची. वाटेत दरड कोसळली. मी वायरलेसपाशी होते.

ड्रायव्हर बोलला, "दोन पेशंट बाहेर. एक आत अडकला. दगड चालूच आहेत. ओव्हर."

मी म्हणाले, "सिस्टरला दे. ओव्हर."

"मॅडम, दगड डाव्या खडकाला लागून पलीकडं पडायलेत. मधी जागा हाय. तिसऱ्याला काढते. ओव्हर."

"थांब. रिकव्हरी पार्टी निघाली आहे. ओव्हर."

"त्याचं रगत थांबंना झालंय." मग जरा वेळानं, "माझा हाय, अक्का."

तिनं मला अक्का कधी म्हटलं नव्हतं. ओव्हर म्हणाली नाही.

जवान वाचला. तिनं त्याला दारातून ड्रायव्हरच्या हातात ढकललं, तेवढ्यात दुसरी दरड आली. ती खडकाला लागली नाही. सरळ आली.

मॅच झाली नाही. तिरंग्यातली पेटी घेऊन पिंगळीला मीच आले. पाच भावांनी खांदा दिला. मी आईपुढं जर्सी ठेवली आणि म्हणाले, विमल आमची कॅप्टन होती.

आईनं जर्सी उलगडली, हातानं लांबी मोजली. "बरोबर बसली असती," ती म्हणाली. मग विचारलं, "तिला ठाव होतं का, बाई?"

"होतं," मी म्हणाले.

सगळ्या सर्व्हिसमध्ये तेवढा एकच खोटा रिपोर्ट मी दिला. जर्सी तिच्यासोबत गेली.