सरदार मिस्त्रीची आठ दिवसांची परीक्षा

लातूरच्या गंजगोलाई बाजारामागच्या बोळात सरदार मिस्त्रीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लाकडी फळी, बंदूक घट्ट धरायचा एक शिकंजा, तेलाच्या बाटल्या आणि भिंतीवर फ्रेम करून लावलेला परवाना. बंदुका दुरुस्त करायचा हा परवाना वडिलांपासून चालत आलेला. मिस्त्री बंदुका विकत नसे. पण कुणाला घ्यायची असली की तो आधी इथं येऊन विचारून जाई, कारण मिस्त्री खरं बोलतो अशी त्याची ख्याती होती. त्यामुळे त्याची गिऱ्हाइकं कमी होती.

भूकंपाच्या साली किल्लारी-औशाकडून ढिगाऱ्यातून निघालेल्या बंदुका त्याच्याकडे यायला लागल्या. नळीत माती, मागचा लाकडी दस्ता मोडलेला. एक दिवस लक्ष्मीबाई नावाची म्हातारी लुगड्यात गुंडाळून नवऱ्याची बारा बोअरची घेऊन आली. नवरा गेला होता, म्हणून बंदूक ठाण्यात जमा करायची होती.

"जमाच करायची तर साफ कशाला करता आई?" मिस्त्रीनं विचारलं.

"मालकानं कधी गंजू दिली न्हाई तिला," म्हातारी म्हणाली. "चोराच्या भ्यानं उशाला घेऊन झोपायचे. चोर काय आला न्हाई बाबा. भिंत आली."

मिस्त्रीनं तिची बंदूक दिवसभर बसून साफ केली. तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की पहिला सवाल तो एकच करी, धोका कुणापासून हाय?

पुढच्या चार-पाच वर्षांत लातूरची तऱ्हाच बदलली. जिथं कडब्याच्या गंज्या रचलेल्या असत तिथं क्लासचे बोर्ड उभे राहिले. हिमायतनगर, रेणापूर, देगलूरपासून पोरं पेट्या घेऊन येऊ लागली. बोर्डावर सरांचा फोटो मोठा, पहिल्या आलेल्या पोराचा त्याहून लहान. त्यातलेच एक निलंग्याकडचे विरूपाक्ष सर. केमिस्ट्री शिकवायचे. एका बॅचला तीनशे पोरं, म्हणून गळ्यात माईक. त्यांना एक निनावी चिठ्ठी आली होती. 'तुमचा बोर्ड आमच्या बोर्डाच्या आड येतो, खाली घ्या, नाहीतर बघून घेऊ.' सरांनी बोर्ड चार फूट वर घेतला आणि रिव्हॉल्व्हरच्या परवान्याचा अर्ज केला. अर्ज दोन वर्षं कुठंतरी पडून होता. मग एका साहेबांच्या भाच्याला केमिस्ट्रीत शंभरपैकी सत्त्याण्णव मार्क पडले, आणि परवाना आला.

सर सफारी घालून दुकानात आले. मिस्त्रीनं स्टूल पुसून दिलं.

"धोका कुणापासून हाय सर?"

"तसं सांगता येत नाही."

"मग लपवून ठेवायचं, का दाखवायचं?"

सरांनी विचार केला. "लपवूनच. पण आहे, हे सगळ्यांना कळलं पाहिजे."

मिस्त्रीनं मान हलवली. असं गिऱ्हाईक त्याला नवं नव्हतं. त्यानं फळीखालून शिसवी लाकडाचे तीन नमुने काढले. त्यानं स्वतः कोरलेले, आत शिसं ओतून वजन बरोबर केलेले. एक मोठ्या पिस्तुलाचा, एक लांब नळीच्या रिव्हॉल्व्हरचा, एक आखूड नळीचा. सरांनी मोठं उचललं आणि आरशाकडं बघितलं.

"हे शोभतं."

"शोभतं, पण हे ड्युटीचं हाय," मिस्त्री म्हणाला. "जमादार दिवसभर पट्ट्यावर घेऊन फिरतो. लोकांनी बघावं म्हणूनच हाय ते. त्याला भरगच्च मूठ पायजे, धूळ-पावसात चाललं पायजे, आन् त्यानं वरचेवर निशाणा मारायला जायला पायजे. तुम्ही जाणार का?"

"रविवारी टेस्ट असते."

"मग हे सोडा. ह्याला वरचा भाग ओढायचा, कळ काढायची, लई भानगडी. घाम फुटल्यावर काय याद राहत न्हाई. तुम्हाला हे आखूड, चक्रीचं. चाप जड असतो, चुकून दबत न्हाई. मागचा घोडा आत झाकलेला बघून घ्या, न्हाईतर कपड्यात अडकतो. आन् कव्हर चापावरून पुरतं बसणारं पायजे."

"मग हेच सांगतो आणायला."

"आधी हे लाकडाचं आठ दिवस कमरेला लावा. स्कूटरवर, जेवताना, शिकवताना. कुणाला दिसलं, टोचलं, पडलं, की नापास. पास झालात तर पुढचं बोलू."

तीनशे पोरांची परीक्षा घेणाऱ्या माणसाला असं ऐकायची सवय नव्हती. पण सर घेऊन गेले.

नवव्या दिवशी ते आले नाहीत. त्यांच्या पत्नी महादेवीबाई आल्या. त्या मुलींचं वसतिगृह चालवायच्या. त्यांनी पिशवीतून नमुना काढून फळीवर ठेवला. मुठीचा टवका उडाला होता.

"कसं काय पडलं ताई?"

"पहिल्या दिवसापासूनच सांगते," बाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी सफारीचं बटन तुटलं. दुसऱ्या दिवशी जेवायला बसले अन् उठता येईना. तिसऱ्या दिवसापासून दर पाच मिनिटाला कमरेला हात. पोरींना वाटलं सरांची पाठ धरली. एकीनं मलम आणून दिलं."

मिस्त्रीनं हसू मिशीत दाबलं. बाईंनी ते बघितलं आणि त्याही हसल्या.

"काल खडू उचलायला वाकले अन् हे निसटलं. माईक गळ्यात होता, आवाज सगळ्या हॉलभर. पोरं बाकाखाली. पहिल्या बाकावरची आमच्या वसतिगृहातली पूनम उठली, उचलून हातात घेतलं अन् म्हणाली, सर, हे तर लाकडाचं हाय."

"मग सर काय म्हणाले?"

"म्हणाले, शाबास. हेच विचारणार होतो. लाकडाचं आहे तर एवढं जड कसं? अन् फळ्यावर लिहिलं, घनता. तासभर शिकवलं. आता ते गणित नोट्समध्ये टाकणार हायत."

त्या आठवड्यात सरांच्या क्लासला पन्नास पोरं जास्त आली. गावभर झालं होतं की सर प्रयोगाचं सामान कमरेला बांधून फिरतात. समोरच्या बोर्डवाल्या फिजिक्सच्या सरांनी मिस्त्रीकडे माणूस पाठवला, लाकडाचं एक आम्हाला पण करून द्या, जरा मोठं. मिस्त्रीनं त्याला चहा पाजून परत पाठवलं.

पण हे नंतरचं. त्या दिवशी मिस्त्रीनं नमुना फळीखाली ठेवला आणि सवयीनं महादेवीबाईंनाही विचारलं, "ताई, तुम्हाला धोका कुणापासून हाय?"

बाईंनी जराही विचार केला नाही. "वसतिगृहाला चाळीस पोरी हायत. मागच्या दाराची कडी दिवाळीपासून मोडलीय. संध्याकाळी दोन टारगट पोरं त्या गल्लीत उभी राहतात. सरांना चारदा सांगितलं. ते म्हणतात, रिव्हॉल्व्हर येऊ दे."

मिस्त्रीनं दाराची रुंदी विचारून घेतली. इतक्या वर्षांत ह्या सवालाला इतकं सरळ उत्तर त्याला कुणी दिलं नव्हतं.

विरूपाक्ष सरांनी पुढं नांदेडच्या ओळखीनं रिव्हॉल्व्हर आणवलंच, चांगलं लांब नळीचं. आणलं आणि विधानसभेची निवडणूक लागली. निवडणुकीत परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा. सुटून आलं तर नगरपालिका लागली. सरांच्या कमरेपेक्षा ते ठाण्याच्या कपाटातच जास्त राहिलं. सर मात्र ठाण्याची पावती खिशात ठेवत आणि ओळखीच्यांना दाखवत.

महादेवीबाई दुकानात आल्या त्याच दिवशी संध्याकाळी मिस्त्री अवजारांची पेटी घेऊन वसतिगृहावर गेला. बंदुकीच्या जुन्या नळीच्या लोखंडाचा अडसर त्यानं स्वतः घडवून नेला होता. आत पोरी मोठ्यानं मूलद्रव्यांची नावं पाठ करत होत्या. त्यानं मागच्या दाराच्या चौकटीला भोकं पाडली, अडसर बसवला, दोनदा सरकवून बघितला, तेल सोडलं.

"ताई, तुम्ही बाहेर जाऊन ढकला," तो म्हणाला. "जोर लावून."

महादेवीबाई गल्लीत गेल्या, पदर खोचला आणि खांद्यानं दार रेटलं. दार हललं नाही. गल्लीत उभी असलेली ती दोन टारगट पोरं ते बघत होती. बाईंनी त्यांच्याकडं बघून पुन्हा एकदा रेटलं.