बाजूवाल्याचे बारा ओंडके

मधपेटीचं झाकण उचलण्याआधी चाचा बोटांनी दोनदा हलकेच टकटक करायचे आणि म्हणायचे, "सलामालेकुम, आलोय हां." दुसऱ्याच्या घरात शिरताना आवाज द्यावा तसं. पहिल्या वेळी मला हसू आलं. त्या दिवशी मला सात माश्या चावल्या, त्यांना एकही नाही. मग मी हसणं बंद केलं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी ओमानमध्ये, मस्कतजवळच्या अझैबातल्या एका शेतीसामानाच्या कंपनीत नोकरीला होतो. बियाणं, फवारणीचे पंप, मधपेट्या, सगळं विकायचो. पुण्याच्या पदवीवर 'तज्ज्ञ' म्हणून मिरवायचो. दर आठवड्याला पिकअप घेऊन खाबुऱ्यापर्यंत जायचं, उन्हात भाजून परत यायचं. तिथल्या एका अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, खजुराच्या बागेत हे चाचा चाळीस पेट्या सांभाळत. रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. जन्म मासळीत गेलेला माणूस मधमाश्यांत कसा पडला, असं मी एकदा विचारलं. "अर्बाब बोलला, डरता है? मी बोललो, नाय. झालो मधवाला."

"खायाची चीज टाकायची नाय," हे त्यांचं पालुपद. शिळा खुबूस, तिथली रोटी, वाळवून कोंबड्यांना जायचा. कपाच्या तळाशी साखर राहिली, तर पाणी ओतून ढवळून प्यायचे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपल्याला त्यांचं कौतुक वाटतं आणि जरा लाजही.

एका उन्हाळ्यात त्यांची एक पेटी मेली. आतल्या मधाने भरलेल्या फ्रेमा त्यांनी उचलल्या आणि अशक्त पेट्यांना वाटल्या. "मेलेल्याचा दाणा जित्याच्या तोंडात जाऊ दे." मी समोर उभा होतो. मी काय म्हणालो? "शाब्बास, चाचा." पेटी कशाने मेली, हे पाहण्याचा मला कंटाळा आला होता. पुढे त्या पेट्यांत माश्यांच्या काही अळ्या मेलेल्या दिसल्या, तेव्हा मी त्यांना कंपनीची औषधी पावडर दिली. अळ्या मरायच्या थांबल्या. त्या पावडरीने रोग जात नाही, नुसता झाकला जातो, हे मी शिकलो होतो. पण शिकलेलं सगळं उन्हात आठवतंच असं नाही.

पावडर संपली आणि दोन महिन्यांत चाचांचा फोन आला. "साहेब, वास येतोय. मासळी सडली तरी असा येत नाय."

मी गेलो. अळ्यांच्या घरांवरची मेणाची झाकणं खचली होती, त्यांना भोकं पडली होती. मी आगकाडी आत घालून हळूच बाहेर ओढली. काडीबरोबर तपकिरी चिकट तार निघाली, इंचभर तरी. मग दुसरी पेटी, तिसरी. अळ्या कुजवणारे रोग दोन. एक सौम्य, राणी बदलली, खायला घातलं की बहुधा निभावतं. दुसरा हा, तार निघणारा. याचे जंतू मधात, मेणात, लाकडात वर्षानुवर्षं जिवंत राहतात. त्याला एकच उपाय, आग.

"रिपोर्टात दुसरा लिवा ना," चाचा म्हणाले. "बरा व्हणारा."

"चाचा, तार आली."

"मना दिसली. तरी पण लिवा. अर्बाब मना घरी धाडील."

खोटं कशाला सांगू, मी लिहिलं असतं. मी थकलो होतो, आणि त्या तारेत माझाही हात होता. तपासायला तरी कोण येणार होतं? मी पेन उघडलं.

चाचा कुंपणापलीकडे बघत होते. तिथे शेजारच्या म्हाताऱ्या ओमानी शेतकऱ्याचे खजुराच्या खोडाचे पोकळ ओंडके रचलेले होते. बापाच्या वेळेपासून त्यातच माश्या पाळलेल्या. बारा ओंडके.

"पेटी कमजोर झाली की त्याच्या माश्या इथला मध लुटायला येतात ना?"

"येतात."

"मग खरा लिवा."

संध्याकाळी सगळ्या माश्या घरी परतल्यावर आम्ही पेट्यांची दारं बंद केली आणि खड्ड्यात चाळीसच्या चाळीस जाळल्या. त्या दिवशी चाचांनी टकटक केली नाही. सगळा वेळ ते पाठ करून उभे होते. मला फार वाईट वाटलं, आणि ते मी त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "तुमी काय करणार? शाब्बास मना आवडला होता."

अर्बाबने "खलास" एवढंच म्हटलं आणि त्यांना झाडांना पाणी द्यायच्या कामाला लावलं. शेजाऱ्याच्या बाजूला मात्र ते फिरकेनात. हाताला लागून काही जाईल, अशी धास्ती. मी गेलो की विचारायचे, "बाजूवाल्याचं काय?" मी ओंडके बघून यायचो आणि सांगायचो, "ठीक आहेत."

हिवाळ्यात ते ठीक नव्हते. दोन ओंडक्यांत तार निघाली. म्हाताऱ्याने ते आपल्या हाताने जाळले. चाचांना तो रफीक, म्हणजे दोस्त, म्हणायचा. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "रफीक को मत बोलो. वो घर जाएगा. खुश जाने दो." मग मी दर आठवड्याला ठरवून खोटं बोलू लागलो.

पुढच्या वर्षी चाचा कायमचे निघाले. विमानतळावर सोडायला मीच होतो. टॉवेलात गुंडाळलेली बरणी त्यांनी पोटाशी धरली होती. शेजाऱ्याने निरोपाला दिलेला मध. "त्याचे बारा ओंडके हायत, साहेब. बाराच्या बारा सलामत."

"हो ना," मी म्हणालो. आणि त्याच दमात, सल्ले द्यायची जिभेला सवय म्हणून, पुढे म्हणालो, "तुम्ही खुशाल खा, माणसाला काही होत नाही. पण बरणी उघडी ठेवू नका, गावाकडच्या माश्यांना लागू देऊ नका."

बोलून गेल्यावर माझं मला कळलं. चाचा थांबले. मी विमानांच्या वेळांच्या फलकाकडे बघू लागलो.

"किती गेले?"

"दोन."

त्यांनी मान हलवली. टॉवेलाची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली. रांग पुढे सरकली, तसे तेही सरकले. मग वळून म्हणाले, "मना कळला म्हणून त्याला सांगू नका हां. त्याला वाईट वाटंल."