तळावरच्या रेघा

शिडाची बोट घ्यायची आहे असं जबलपुरात कोणाला सांगायची सोय नव्हती. लोक हसायचे. पण माझ्या यजमानांनी निवृत्तीनंतर दोन हिवाळे मालवणला राहून शीड चालवायला शिकून घेतलं, त्यांच्या नादानं मीही शिकले, आणि गोव्यापासून किनाऱ्याकिनाऱ्यानं वर यायचं असं आमच्या मनानं घेतलं. जुन्या फायबरग्लासच्या बोटी जाड अंगाच्या आणि दणकट असतात, तशी एखादी शोधू, असं ते म्हणायचे. ती सापडली ती कुंडमच्या रस्त्याला, जंगलाच्या कडेच्या एका शेतात. खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात त्यांच्याबरोबर नोकरीला असलेल्या एका मित्रानं पत्ता दिला होता.

बोट विकणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या होत्या. कपाळाला ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. बोट त्यांच्या यजमानांची. ते कुठे आहेत, असं मी सहज विचारलं.

"बाहेर आहेत," त्या म्हणाल्या. "चलो, दाखवते."

मोहाच्या झाडांखाली, लोखंडी टेकूंवर ती उभी होती. एरवी पाण्याखाली असणारा भाग आता आमच्या छातीपासून खाली होता. दुपारची वेळ होती, वारा पडलेला. माझे यजमान शिडी लावून वर चढले आणि मी खालून तळ तपासायला लागले. माझी सगळी नोकरी वस्तू तपासण्यात गेली, त्यामुळे ते काम माझ्याकडे. हातोडीच्या लाकडी मुठीनं ठोकत जायचं. अंग चांगलं असेल तिथे टणक, कोरडा आवाज येतो. आत पाणी शिरून थर सुटले असतील तिथे भद्द. मी ठोकलं की झाडांवरच्या किड्यांची किरकिर थांबायची, आणि हात थांबला की परत सुरू व्हायची. आवाज सगळीकडे टणक येत होता.

"अगं, जरा वर ये," यजमानांनी हाक मारली. त्यांचा आवाज बदललेला होता.

मी केबिनमध्ये उतरले. पायऱ्यांशी पुरुषाच्या चपला, एकीला एक लावून ठेवलेल्या. फळीवर घडी घातलेला चष्मा. खुंटीला शर्ट. आणि बिछान्यावर धुतलेली, इस्त्रीची चादर. बाकी सगळ्यावर धूळ होती, चादरीवर नव्हती.

बाई शिडीवरून आत डोकावल्या. "जसं सापडलं तसंच ठेवलंय. चादर तेवढी बदलते मी."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे यजमान एकटेच बोट घेऊन समुद्रात निघाले होते. काही दिवसांनी मच्छीमारांना ती तरंगत सापडली. शिडं उतरवून बांधलेली, आत माणूस नाही. झटापटीची खूण नाही, समुद्रही शांत होता म्हणे. पोलिसांनी बोट सोडल्यावर बाईंनी ती ट्रकवर घालून इकडे आणवली.

"चष्मा घडी करून, चपला काढून माणूस गेला, म्हणजे ठरवूनच गेला, असं सगळे म्हणतात. दुसऱ्या बोटीनं नेलं असेल. माझ्या दिराला कोणी सांगितलं, सुरतेत दिसले, मजेत राहून राहिले. मी काय बोलू?"

मी खाली आले. उरलेली बाजू बघायची होती. शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून तळाला एक मऊ रंग देतात, तो इथे निळा होता, हात लावला की बोटांना लागायचा. त्या रंगाच्या वरच्या काठाला मला रेघा दिसल्या. चार रेघा, जवळजवळ, वरून खाली ओढलेल्या. हातभर पुढे पुन्हा चार. त्याच्यापुढे पुन्हा. मी त्यांच्यामागे चालत गेले. पुढच्या टोकाला वळसा घालून त्या दुसऱ्या बाजूला गेल्या होत्या. वर फायबरग्लासचं पांढरं, गुळगुळीत अंग, धरायला काही नाही. मागे सुकाणूपाशी तर रेघांवर रेघा होत्या, रंग खरवडून पार निघाला होता, आणि सुकाणूच्या माथ्यावर पाय घसरल्यासारखा एक रुंद फराटा.

तो माणूस पोहायला उतरला होता. चपला काढून, चष्मा घडी करून. आणि दोर किंवा शिडी न सोडता.

यजमान शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनीही बघितलं. मान हलवून मला गप्प राहायला सांगितलं.

"काहून थांबल्या ताई? खराब आहे का काही?" बाई जवळ आल्या. "ते होय? आणताना फांद्या लागल्या असतील."

मला ती इस्त्रीची चादर आठवली. "फांद्या नाहीत, ताई," मी म्हटलं. "बोटं आहेत. ते वर चढायला बघत होते."

मग त्यांनी आपली चार बोटं त्या रेघांमध्ये ठेवली. त्यांचा हात लहान पडत होता. तसाच हात लावत त्या चालू लागल्या, एकेका ठिकाणी थांबत, बोटीभोवती पूर्ण फेरी घातली, आणि आमच्यासमोरून, आम्ही तिथे नसल्यासारख्या, दुसऱ्या फेरीला गेल्या. आम्हाला पुढेही होता येईना, निघताही येईना.

शेवटी सुकाणूपाशी त्या खाली बसल्या. "म्हणजे गेले नव्हते."

"नाही."

"घरी यायला पाहत होते."

"हो, ताई."

"भाऊ, यांना घेऊन जा आता," त्या यजमानांना म्हणाल्या. रागानं नाही. आम्ही निघालो.

पुढे त्यांचाच फोन आला. नर्मदेच्या ग्वारीघाटावर पुतण्याकडून सगळे विधी करून घेतले होते. "बोट मजबूत आहे ना? मग घ्या तुम्ही." मी खरं ते सांगितलं, इतकी चांगली बोट आम्ही दुसरी पाहिली नाही. पण मला त्या बिछान्यावर झोपता आलं नसतं. यजमानांनी आग्रह केला नाही.

मुंबईच्या कोणीतरी ती घेतली. ती नेली त्या दिवशी आम्ही गढ्याच्या बाजारात भाजी घेत होतो. अरुंद रस्त्यात बोटीचा ट्रक अडकला, आणि दुकानदार हसत, फोटो काढत भोवती जमले. "अरे देखो, जहाज आया!" तळ कोणी घासलेला नव्हता. रेघा लोकांच्या डोक्यांवरून हळूहळू पुढे सरकत होत्या, आणि यजमान पिशवीत भेंडी भरत होते.