गप्प झाले की खूर सोडायचा

मी बडबडी आहे असं सगळे म्हणतात. म्हणू देत. माझ्या बडबडीला माझ्या नवऱ्याचा जीव टांगलेला असायचा, हे त्यांना कुठे माहीत आहे?

आमचे हे नालबंद. घोड्यांचे खूर तासायचे, नाल ठोकायचे, खुरात काही सडलं-दुखलं तर ते मोकळं करायचं, एकतीस वर्षं हेच काम. त्यातली सव्वीस वर्षं मी घोड्याच्या तोंडाशी उभी. हे मागे वाकलेले, घोड्याचा पाय मांडीवर घेतलेला, पाठ माझ्याकडे. म्हणजे घोड्याचे कान यांना दिसत नाहीत, डोळे दिसत नाहीत. ते मला दिसतात. घोड्याच्या मनातलं आधी कानात येतं, मग डोळ्यात, मग अंगात आणि शेवटी मागच्या पायात. मागच्या पायात आल्यावर फारसं काही करता येत नाही.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी एका शिंगराने कान मागे पाडलेले पाहून मी "अहो, सोडा!" असं किंचाळले. माझ्या किंचाळण्याने ते बिथरलं आणि यांच्या दोन बरगड्या गेल्या. अंथरुणावर पडल्या पडल्या यांनी युक्ती काढली. मी घोड्याशी सतत बोलायचं, साध्या आवाजात, वाटेल ते. कान मागे गेले की गप्प व्हायचं. माझा आवाज थांबला की यांनी खूर सोडून बाजूला व्हायचं. ओरडल्यावर घोडा दचकतो, पण कुणी गप्प बसलं म्हणून आजवर कुठला घोडा दचकलेला नाही.

तेव्हापासून मी बोलतेय. नणंदेचे टोमणे, माझी दुखरी दाढ, शेजारणीची भांडणं, सगळं सांगून झालं. आमच्या घरातल्या भानगडी माणसांपेक्षा घोड्यांना जास्त माहीत आहेत आणि त्यांनी त्या बाहेर फोडलेल्या नाहीत.

माणूस म्हणून हे कसे, असं विचाराल तर आधी त्यांचं नाक सांगावं लागेल. खूर उचलला की पहिलं काम वास घेण्याचं. खुराच्या तळाला मधे जो मऊ त्रिकोणी भाग असतो, तो सडायला लागला की घाण वास मारतो. तो वास आला की यांचा पारा चढलाच. समोर तबेल्याचा मालक असो नाहीतर आणखी कुणी, "हे जनावर मुतात उभं आहे. तुम्ही राहाल का उभे?" असं तोंडावर विचारणार. रोज खूर साफ करा, खाली कोरडं गवत घाला, सहा आठवडे झाले की मला बोलवा, ही तीन वाक्यं ते इतक्यांदा बोलले असतील की झोपेतही बरळतील. आमच्या मुलीने पहिल्यांदा तिच्या मित्राला घरी आणलं तेव्हा हे त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. तो फाटकातून आत येताना आणि बाहेर जाताना त्याच्या चालीकडे तेवढं बघितलं. मग म्हणाले, "उजव्या पायावर जोर कमी टाकतो. बाकी बरा आहे."

आणि कान. नाल ठोकताना हे कानाने काम करायचे. खुराची बाहेरची कड नखासारखी, तिच्यात जीव नसतो, पण तिच्या आत अगदी जवळ जिवंत मांस. खिळा त्या कडेतूनच वर निघायला हवा. कडक भागातून जाताना हातोडीखाली टणटण वाजतं. खिळा आत वळला की आवाज बद्द होतो. बद्द झाला की हे तिथेच थांबायचे, खिळा उपसायचे, पुन्हा लावायचे. असा आत वळलेला खिळा राहून गेला तर दोन दिवसांत खूर तापतो, आत पू होतो, घोडा पाय टेकत नाही.

आधीच्या सगळ्या वर्षांत यांच्या हातून असं दोनदाच झालं होतं. गेल्या वर्षी दोन महिन्यांत दोनदा झालं.

पहिल्यांदा एक पांढरा घोडा लंगडला. यांनी खिळा उपसला, टोक ओलं होतं. "खिळाच वाकडा निघाला," म्हणाले. दुसऱ्यांदा काहीच म्हणाले नाहीत. मी मनातून घाबरले. मला वाटलं, डोळे गेले यांचे. मागे लागून लागून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, नवा चष्मा करून घेतला. नव्या चष्म्याने मला जरा झोप लागायला लागली. किती शहाणी मी!

घरातही चमत्कारिक वागायला लागले होते. मी चहा विचारला तर उत्तर नाही. मुलगी फोनवर म्हणायची, "आई, बाबा नुसतं हो हो करतात गं, मी काय विचारलं ते ऐकतही नाहीत." मी म्हटलं, माणूस म्हातारा होताना तोरा दाखवतोय. मग मीही तोरा दाखवला. आठ-आठ दिवस जेवणापुरतं बोलणं. फक्त घोड्याच्या तोंडाशी उभी राहिले की माझी बडबड सुरू, कारण तिथे रुसवा चालत नाही.

मग ती घोडी आली. एका तबेल्यात मुलांना बसायला शिकवतात, तिथली. तपकिरी रंगाची, वय झालेली, आणि बघणं असं की समोरच्याने वही दाखवावी. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणायचे. दोन दिवस ती डावा मागचा पाय टेकत नव्हती. खूर हाताला गरम लागत होता, घोट्याजवळची नाडी उडत होती. आत पू साचला होता. जनावरांचे डॉक्टर परवाशिवाय येणार नव्हते, त्यांनी फोनवर सांगितलं की तळातून वाट करून द्या, धनुर्वाताचं इंजेक्शन मी आल्यावर देतो. पुवाला खालून वाट मिळाली नाही तर तो खुराच्या वरच्या कडेला फुटतो आणि मग महिनोन् महिने निस्तरत बसावं लागतं.

सकाळची दहाची वेळ. फरसबंद अंगणात तिला उभं केलं. मी डाव्या बाजूला तोंडाशी, हे डाव्या बाजूला मागे. तबेल्याचे मालक दूर खोगीरांच्या खोलीच्या दारात. या गृहस्थांकडे चौदा घोडे, पण एकाच्याही मागून ते कधी गेलेले नाहीत. यांनी पाय मांडीवर घेतला, चिमट्याने तळ दाबत दाबत दुखरी जागा शोधली आणि बाकदार सुरीने कोरायला लागले. मी मास्तरीणबाईंना सांगत होते की मुलीने नवीन पडदे घेतलेत, रंग इतका भडक की बघवत नाही, आणि मी म्हटलं तिला, की अगं...

तिचे कान मागे गेले. असे तसे नाही, डोक्याला चिकटले. डोळ्याची पांढरी कड दिसली.

मी गप्प झाले.

सुरीचा आवाज चालूच राहिला. कर्र. कर्र. मला आधी राग आला. म्हटलं, घरातला हट्ट इथेही? मग मी तिच्या मानेच्या कडेने वाकून मागे पाहिलं. सव्वीस वर्षं मी पाहत आले होते, मी गप्प झाले की यांची मान ताठ होते, क्षणभर, आणि मग हे सुटतात. आज मान सैल होती. हे निवांत होते. गुणगुणत असावेत असे निवांत.

त्यांना माझं गप्प होणं पोचलंच नव्हतं.

ओरडावं, तर घोडी लाथ झाडणार, आणि ओरडून तरी यांना ऐकू कुठे येणार होतं? गप्प राहावं, तर गप्पच होते. तिच्या कातडीवर थरथर आली, शेपूट आवळली गेली. यांचं डोकं तिच्या मांडीपासून वीतभर लांब. एवढ्याशा वेळात माझ्या मनात काय काय आलं! यांचा चेहरा पार नाहीसा झालेला मी पाहिला. मुलीला फोन करताना पहिलं वाक्य काय बोलायचं, तेही मला सुचून गेलं.

मग मी बोलायला लागले. पडदे निळे आहेत, मी म्हटलं, चांगले आहेत, फार चांगले आहेत. आवाज कापू दिला नाही. आणि बोलता बोलता दोर आखूड धरून तिचं तोंड जेवढं जोरात माझ्याकडे ओढता येईल तेवढं ओढलं. तोंड इकडे आलं की मागचं धड तिकडे जातं, हे कुठल्याही घोडेवाल्याला ठाऊक असतं. तिचा पाय यांच्या मांडीवरून हिसकला गेला, हे मागे फरशीवर बसले आणि दुसऱ्याच क्षणी तिने झाडली. लाथ हत्यारांच्या लाकडी पेटीवर बसली. पेटीची एक बाजू आत गेली.

हे उठले, कपडे झटकले आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत माझ्यावर ओरडले.

"अगं, तुला गप्प व्हायला काय झालं होतं? बोलत काय बसलीस?"

मी म्हटलं, "मी गप्प झाले होते."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. किती दिवस हे असे ओठांकडे बघत असतील, आणि मी समजायचे की नजर चुकवतात!

"कधीपासून?" मी विचारलं. मोठ्याने विचारलं गेलं. मालक दारातून बघत होते, बघू देत.

"उजव्या कानाचं वर्ष झालं," ते म्हणाले. "डाव्यातून थोडं थोडं येत होतं. आता तेही नाही."

"मग इतके दिवस कसे सुटत होतात?"

"मांडीला कळतं. लाथ मारायच्या आधी पाय ताठ होतो."

"मग आज का नाही कळलं?"

"दुखणारा पाय, बाई. तो उचलला तेव्हाच ताठ होता."

मी तिथेच पालथ्या बादलीवर बसले. आठवड्याला दहा-बारा घोडे, आणि असे कित्येक महिने. मी नेमाने उभी राहत होते, नेमाने बोलत होते, नेमाने गप्प होत होते आणि त्यातलं काहीही कुणाला ऐकू जात नव्हतं. गेल्या महिन्यात मी गप्प झाले आणि यांनी लगेच पाय खाली ठेवला, तेव्हा मी मनात स्वतःची पाठ थोपटली होती. तेव्हा यांची कंबर भरून आली असेल, एवढंच. झालेल्या गोष्टीची भीती वाटते का कुणाला? मला वाटली. एकेक घोडा आठवून आठवून वाटली.

"सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू मला वाकू दिलं असतंस?"

नसतं दिलं.

घोडी मात्र तशीच उभी होती, पाय अधांतरी धरून, मान खाली. घामाने तिची छाती काळी पडली होती. यांनी सुरी उचलली. "अजून वाट झाली नाही," म्हणाले. "असंच सोडलं तर रात्रभर तडफडेल." मी नाही म्हटलं. दोनदा नाही म्हटलं. दुसरा नालबंद आणायचा तर दीड दिवस जाणार होता. घोडीने एकदा पाय टेकून पाहिला आणि झटकन उचलला, ते मला बघवलं नाही.

शेवटी मी मालकांना हाक मारली. म्हटलं, घोडी तुमची आहे, या इकडे. यांच्या मागे डाव्या अंगाला उभे राहा, हात यांच्या पाठीवर ठेवा. मी बोलायची थांबले की पाठीवर थाप मारा आणि पळा. मालकांचा चेहरा पांढराफटक झाला. पण आले बिचारे. त्यांचा हात इतका थरथरत होता की हे वळून म्हणाले, "हीच थाप का?"

मी हसले नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला घोड्याशी बोलायला विषय सुचेना. शेवटी आकडे म्हणत गेले. एक, दोन, तीन, साध्या आवाजात. तिचे कान पुढे-मागे, पुढे-मागे होत होते. एकेचाळीसला ते मागे गेले आणि मी थांबणार, तेवढ्यात पुढे आले. सत्तरच्या आसपास मागून वास आला, आणि काळं, पातळ पाणी फरशीवर टपटपलं. मास्तरीणबाईंनी असा मोठा उसासा टाकला की माझ्या हातावर ऊन श्वास लागला. यांनी पाय हळूच खाली ठेवला. तिने तो टेकला. मग त्यावर भार टाकला.

मालक भिंतीला टेकून बसले. हे तिच्या खुराशी उकिडवे बसून गरम पाण्यात मीठ ढवळत होते, खूश होते. मी त्यांच्या पाठीला म्हटलं, "हा शेवटचा घोडा." अर्थातच ते वळले नाहीत.

मग मला वळसा घालून त्यांच्या समोर जावं लागलं. ते उभे राहिले. ओठ नीट हलवून मी पुन्हा म्हटलं, "हा शेवटचा. आता पुरे."

"काय?" ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं.

"काय म्हणतेस?"

त्यांना कळलं होतं. डोळे भरून आले होते, आणि तरी ते ऐकू न आल्यासारखं करत होते. बहिरेपण लपवणारा माणूस पहिल्यांदाच बहिरेपणाच्या आड लपत होता. तिसऱ्यांदा माझ्याने म्हणवलं नाही. मी त्यांच्या मागे गेले आणि कमरेला बांधलेल्या चामड्याच्या ॲप्रनची गाठ सोडवायला लागले. चामडं घामाने आवळलं होतं, नखं दुखली, बराच वेळ लागला. ते हलले नाहीत.