सर आली, थांबा!

माझ्या चुलतसासऱ्यांइतका नाटकवेडा माणूस अख्ख्या मावळात दुसरा नाही, आणि होऊही नये. तालुक्याला झेपायचा नाही! आमच्या औंढे गावच्या खाचरात भात लावता लावता काका पल्लेदार स्वगत सुरू करतात आणि बायांच्या हातातली रोपं हसून हसून गळून पडतात. लोणावळ्याच्या जुन्या थिएटरात प्रयोग असला की सकाळपासूनच इस्त्रीचे कपडे घालून बसतात. जेवायला वाढलं तर म्हणतात, "सूनबाई, आज पोटात जागाच न्हाई. नाटक भरलंय."

हे थिएटर पत्र्याचं. जोराची सर कोसळली की नटांचा शब्द कळत नाही. मग पहिल्या रांगेतून काका उठून ओरडतात, "सर आली, थांबा!" नट आहेत तसे थिजतात. सर ओसरली की काका म्हणतात, "सोडा आता!" आणि नाटक पुढे. एकदा खलनायकाने उगारलेला हात इतका वेळ तसाच धरला की टाळ्या पडल्या त्या त्याच्या दंडाला.

यंदा दिवाळीनंतर रंगभूमीवरच्या एक थोर बाई तिथे प्रयोगाला आल्या. त्यांची उमेदवारीची वर्षं याच रंगमंचावर गेलेली. दुपारचा प्रयोग, तुडुंब गर्दी. काय काम करत होत्या! अंगावर काटा येत होता. आणि दुसऱ्या अंकात, ऐन भांडणात, त्यांना पुढचं वाक्यच आठवेना. विंगेतून प्रॉम्प्टर कुजबुजला, त्यांना ऐकू जाईना. मागे कुणीतरी फिसकन हसलं. एवढ्या मोठ्या बाईंची आता शोभा होणार!

तोच काका उठले. "सर आली, थांबा!"

बाहेर लख्ख ऊन! लोक क्षणभर गोंधळले, मग उमगलं. सगळं थिएटर माना वर करून न आलेला पाऊस ऐकत बसलं. तेवढ्यात समोरच्या नटाने बाईंच्या कानात वाक्य सांगितलं. बाईंनी मान हलवली.

"सोडा आता!"

ते वाक्य बाईंनी असं टाकलं की पत्रे दणाणले.

प्रयोग सुटल्यावर काकांनी शेजारच्या चिक्कीवाल्याची छत्री मागून आणली आणि कोरड्या रस्त्यावर उघडून उभे राहिले.

"अहो काका, लोक हसतील!"

"हसू द्या की. बाईंची गाडी अजून निघायचीय."

गाडी आली. काच खाली झाली. बाईंनी हात बाहेर काढून तळवा आभाळाकडे धरला, जणू थेंब पडताहेत का बघताहेत. मला हसू आलं आणि रडूही. गाडी वळणाआड गेली, तरी काकांनी छत्री मिटली नाही.