खुंटीवरची मशीन

आमचे लाउडस्पीकरवाले मामा बोलण्याआधी माइकवर फुंकर मारायचे. माइक नसला तरी मारायचे. मामीकडे चहा मागतानासुद्धा. वडवणीच्या बाजारात त्यांचं दुकान होतं. मी घरातला पहिला पदवीधर, तो त्यांच्याच आधारानं. गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमचा भाचा. सायन्सवाला हाय."

त्यांच्या कानाला गावात मान होता. टेपचा आवाज घोगरा झाला, की ते टेप जिथून घासत जाते त्या हेडजवळ छोटी मशीन फिरवून त्यात साचलेलं चुंबकत्व उतरवायचे. आवाज खरंच मोकळा व्हायचा. पुढे सीडी आल्या, पण मामांचा हात तोच राहिला. 'सीडीवर मशीन फिरवून घ्या, आवाज सुधारतो,' असं ते भोंग्यावरून सांगायचे. लोकही आणायचे.

मी म्हणालो, "मामा, सीडी प्लास्टिकची. आत ॲल्युमिनियमचा पातळ थर. त्यात चुंबकत्व साचतच नाही, तर उतरवणार काय?"

"मंग मला फरक कावून ऐकू येतो रं?"

परीक्षा त्यांनीच ठरवली. मामीनं पडद्याआड सीडी लावायची, मनात आलं तर मशीन फिरवायची, मामांनी ओळखायचं. दुकानात माणसं जमली. गाणं वाजलं, थांबलं, पुन्हा वाजलं. मिटल्या डोळ्यांनी मामा म्हणाले, "हां. आता उघडला. लई फरक."

आतून मामी म्हणाली, "अहो, मशीन आत न्यायचीच राहिली. तुमच्या मागं खुंटीला हाय."

"खुंटीवरूनच असर करती, मामा," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मामांनी मान खाली घातली.

पुढच्या बाजारी त्यांनी भोंगा लावला, फुंकर मारली. "सीडीवर मशीन फिरवून काईच होत न्हाई. मला वाटायचं, म्हणून तुमाला सांगत गेलो. चुकलं माझं."

भर बाजार हसला. माझंच म्हणणं खरं ठरलं होतं, तरी मी टेबलामागे वाकून वायरी गुंडाळत राहिलो. मान वर करवेना.

मामी पुटपुटली, "एवढं वरडून कावून सांगायचं?"

"फायदा सांगताना भोंगाच लावला व्हता की."

त्यानंतर कुणी "आवाज कसा वाटतो, मामा?" विचारलं, की ते "तुमीच ऐका" म्हणत आणि दुसरीकडे बघत.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. मी बीडला विज्ञान शिकवतो. परवा फळ्यावर एक गणित चुकलं. मुलं खाली मान घालून उतरवून घेत होती; कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ते गुपचूप पुसायला माझा हात डस्टरकडे गेला होता.

तो मागे घेतला, वर्गाकडे वळलो आणि आधी फुंकर मारली.