डबी बोलली का?

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोटार लावून गच्चीवर उभी होते. नळाला पाणी यायचा दिवस होता. दुपारी स्वयंपाकघरातली डबी वाजली, मी मोटार सुरू केली आणि टाकीत धार पडते का ते बघायला वर गेले. मोबाइल हातातच होता, कारण डबी वाजली की पाठोपाठ भाऊजींचा फोन येणार हे ठरलेलं. फोन वाजला, नावही त्यांचंच दिसलं. मी नेहमीसारखं म्हटलं, "बोलली भाऊजी, बोलली." पलीकडे माझ्या जाऊबाई होत्या. म्हणाल्या, "मंगल, इकडं ये. लवकर ये... हे उठेनात." मी मोटार बंद केली, गॅस बघितला, दाराला कडी घातली आणि मग पळाले. आधी मोटार बंद केली याचं कुणाला नवल वाटेल. भाऊजींना वाटलं नसतं. टाकी भरून वाहिली असती तर ते उठून बोलले असते.

दिगंबर भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, आमच्याच कॉलनीत वेगळ्या घरात राहणारे. आमचं मूळ घर खुलताबादकडचं, शेतीवाडीचं. भाऊजींनी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, काही वर्षं टेलिफोन खात्यात काढली, मग नोकरी सोडून चिकलठाण्याच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये कंट्रोल पॅनल बनवायला लागले. मी लग्न होऊन आले आणि वर्षभरात त्या शेडमधल्या खुर्चीवर बसले. ऑर्डरी, खरेदी, फोन, कामगारांच्या सुट्ट्या, सगळं माझ्याकडे. इतकी वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसल्यावर माणसाबद्दल फार गोड बोलता येत नाही. भाऊजी हट्टी होते. समोरचा बोलत असताना सोल्डरिंग करत राहायचे आणि नंतर विचारायचे, काय म्हणत होता? आपण केलेल्या वस्तूत चूक निघाली तर ती विजेची, वायरची किंवा वापरणाऱ्याची. त्यांच्या तोंडी सगळ्यात मोठी शिवी म्हणजे 'कच्चं काम'. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं कोर्टात जे झालं ते याच शब्दापायी झालं.

डबी झाली ती दुष्काळाची वर्षं होती. धरणाचा तळ दिसत होता आणि शहर मात्र चारी बाजूंनी वाढत होतं. काल ज्वारी होती तिथं आज प्लॉटच्या खुणा. पुंडलिकनगर भागातल्या आमच्या कॉलनीत नळ होते, पण पाणी कधी आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा, आणि वेळेचा पत्ता नाही. म्हणून बायकांनी पाळ्या लावल्या होत्या. ज्या घराची पाळी त्या घरातल्या बाईनं नळाकडं कान ठेवायचा, बाकीच्यांनी खुशाल झोपायचं किंवा कामाला जायचं. पाणी आलं की तिनं शेजारच्या भिंतीवर थाप मारायची, तिनं पुढच्या. अशी थापेथापेनं बातमी शेवटच्या गल्लीपर्यंत जायची. पाळीच्या दिवशी जाऊबाई उंबऱ्याबाहेर पडायच्या नाहीत. एकदा त्या भाऊजींना म्हणाल्या, "लोकाच्या कारखान्यातली मोटार कधी चालू करायची ते सांगता. माझ्या नळाला पाणी कधी येईल, तेवढं नाय सांगता येत?"

त्या पावसाळ्यात, म्हणजे पावसाशिवायच्या पावसाळ्यात, भाऊजी स्वतः केलेली एक डबी घेऊन आले. साबणाच्या वडीएवढी, करड्या प्लास्टिकची. एक भाग नळाच्या पाइपला बसवायचा, एक स्वयंपाकघरात. वायर नाही. पाणी आलं की आपल्या घरातली डबी वाजायची आणि शेजारच्या डबीला कळवायची, ती तिच्या शेजारणीला. सिमेंटच्या घरांतून लांबचा सिग्नल जात नाही, म्हणून जवळजवळच्या उड्या. खरी मेख सेलची होती. सगळ्या डब्या सतत जाग्या राहिल्या तर सेल आठवड्यात संपतात. भाऊजींनी अशी सोय केली की कोणी केव्हा जागं राहायचं ते डब्या आपसात ठरवतील, आणि एखादी बंद पडली तर तिची पाळी दुसरी घेईल. जाऊबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ही तर आमचीच पाळी. तुम्ही नुसती डबीत भरली." भाऊजी हसले. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

घरोघरी डब्या बसल्या त्या दिवशी कॉलनीत कार्यक्रम झाला. कॉलनीचे अध्यक्ष ढवळे सर, शाळेतून रिटायर झालेले. नवीन वस्तू नारळाशिवाय सुरू होते हे त्यांना मान्यच नव्हतं. मारुतीच्या देवळासमोर पाटावर डब्या मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पेढे वाटले, सरांचं लांबलचक भाषण झालं. भाऊजींच्या घरच्या डबीवर जाऊबाईंनी जरा जास्तच कुंकू लावलं. ते स्क्रूच्या खाचेत जाऊन बसलं आणि तिथंच राहिलं.

पेटंटचा विचार त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी आला, तोही इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका ओळखीच्या प्राध्यापकांनी आग्रह केला म्हणून. अर्ज गेला, शंका आल्या, उत्तरं गेली. काही वर्षांनी पेटंट मिळालं. मधल्या काळात बाहेरच्या एका मोठ्या कंपनीची माणसं दोनदा शेडवर येऊन गेली. भागीदारीचं बोलणं होतं. भाऊजींनी त्यांना फळ्यावर काढून सगळं समजावलं, मी चहा सांगितला. पुढं त्यांचा फोन आला नाही. मग कधीतरी आमच्याच एका गिऱ्हाइकाच्या कारखान्यात त्या कंपनीचे मीटर बसले. बिनवायरचे, एकमेकांना रीडिंग देणारे, पाळीपाळीनं जागे राहणारे. भाऊजींनी त्यांचं माहितीपत्रक वाचलं, घडी घालून माझ्यासमोर ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "आपलंच आहे."

दावा लावला. लावायला नको होता असं मी आजही म्हणत नाही. पण असा दावा घरात राहायला आलेल्या पाहुण्यासारखा असतो, जेवतो आणि जात नाही. कंपनीनं उलट मागणी केली की हे पेटंटच रद्द करा, त्यामुळं प्रकरण जिल्हा कोर्टातून वर गेलं. आमचा एक अर्ज गेला की त्यांच्याकडून गठ्ठे यायचे. परदेशातली जुनी पेटंटं, तज्ज्ञांची प्रतिज्ञापत्रं, रेडिओ लहरींचे तक्ते. भाऊजी ते सगळं वाचायचे. नवीन पॅनलची कामं मागं पडायला लागली. तारीख असली की माणूस आदल्या दिवसापासून गप्प, तारीख पुढं गेली की दोन दिवस गप्प. आम्हाला त्या गप्प राहण्याची सवय झाली, पण मोठा कंटाळाही आला. एकदा मी विचारलं, भाऊजी, यातून तुम्हाला नक्की काय पाहिजे? त्यांनी विचार करून सांगितलं, "कोर्टानं लिहून द्यावं की हे दिगंबरनं केलं. बस."

आमचे खान वकील तरुण, पण विषय नीट समजून घेतलेले. उलटतपासणीच्या आधी त्यांनी भाऊजींना शेडमध्ये बसवून कायदा सांगितला. अर्ज करण्याआधीच एखादी गोष्ट लोकांत राजरोस वापरली जात असेल तर पेटंट टिकत नाही. चाचणी म्हणून, गरजेपुरती वापरली असेल तर सूट आहे. "साहेब, कॉलनीतल्या डब्या ही चाचणी होती. होती ना? मग तेवढंच म्हणायचं. चाचणी. आगे-पीछे कुछ नहीं." भाऊजींनी मान हलवली. मला ते मान हलवणं पसंत पडलं नाही, पण तोवर खान वकील दुसऱ्या कागदाकडं वळले होते.

पुरावा म्हणून भाऊजींनी स्वतःच्या घरची पहिली डबी दिली होती. आपण हे किती आधी केलं ते दिसावं म्हणून. मी म्हटलं, जरा पुसून देऊ का? तर म्हणाले, "पुराव्याला हात लावू नको." साक्ष नोंदवायला कोर्टानं नेमलेल्या कमिशनरांच्या खोलीत त्या दिवशी मी मागं बसले होते. कंपनीचे वकील मुंबईचे, फार सभ्य. त्यांनी डबी हातात घेतली, उजेडात धरली आणि स्क्रूच्या खाचेकडं बोट केलं. हे लाल काय आहे? भाऊजी म्हणाले, कुंकू. कधी लावलं? डब्या सुरू केल्या त्या दिवशी. नारळही फोडला होता का? फोडला होता. "मग मला सांगा," ते वकील अगदी हळू म्हणाले, "चाचणीला कुणी नारळ फोडतं का?"

खान वकिलांनी आक्षेप घेतला, पण भाऊजींचं तिकडं लक्षच नव्हतं. ते त्या डबीकडं बघत होते. समोरच्यानं पुढं विचारलं, म्हणजे तेव्हा हे यंत्र कच्चं होतं, अपुरं होतं, असं तुमचं म्हणणं आहे का? या प्रश्नाला नुसतं हो म्हणायचं होतं. भाऊजी ताठ बसले आणि म्हणाले, "कच्चं? पहिल्या दिवसापासून बिनचूक चालत होतं साहेब. चाचणी कसली?"

टाइप करणाऱ्यानं ते टाइप केलं. खान वकिलांनी चष्मा काढून पुसला. गाडीत येताना सिडकोचा चौक ओलांडल्यावर मीच म्हटलं, एक शब्द म्हणायचा होता भाऊजी. ते बाहेर बघत म्हणाले, "परक्या माणसासमोर माझ्या कामाला कच्चं म्हणू? ते नाय जमणार मंगल."

त्यानंतर ते कोर्टाबद्दल फारसं बोलले नाहीत. केस चालूच होती, तारखा पडत होत्या, पेटंटची मुदत इकडं उताराला लागली होती. मागच्या वर्षी आमच्या जिन्याखाली नवे मीटर बसले, त्याच जातीचे. भाऊजी आमच्याकडं आले की वर यायच्या आधी त्या मीटरसमोर थोडा वेळ उभे राहायचे. रागानं नव्हे... दुसऱ्याच्या घरी दिलेल्या मुलीकडं बघावं तसं. मी वरून हाक मारायची, चहा गार होतोय.

दहाव्या-तेराव्याची गडबड संपल्यावर खान वकील घरी आले. वारसांची नावं मुदतीत लावली नाहीत तर दावा आपोआप संपतो, हे त्यांनी सांगितलं. केस भाऊजींच्या त्या उत्तरावर अडली आहे, हेही आडपडदा न ठेवता सांगितलं. सोडून दिली तरी कोणी नाव ठेवणार नाही, म्हणाले. मला खरं तर सुटल्यासारखं वाटलं. भाऊजींच्या खुर्चीवर घडी करून ठेवलेला टॉवेल होता, त्याच्याकडं बघत मी म्हटलं, जाऊबाई, संपवून टाकू आता. जाऊबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी वकिलांना विचारलं, "ते काय म्हणाले होते तिथं? पहिल्या दिवसापासून चालत होतं?" वकील म्हणाले, हो.

"खोटं आहे," जाऊबाई म्हणाल्या. "लई कच्चं होतं वकीलसाहेब. पहिले कित्येक महिने निम्म्या डब्या मुक्याच राहायच्या. पाणी आलं की हे शिडी अन् पेचकस घेऊन या गच्चीवरून त्या गच्चीवर. मी ताट झाकून ठेवायची आणि हे भिजलेले, धुळीनं भरलेले यायचे. डबी उघडायचे, बदलायचे, परत लावायचे. घरोघरी इचारत फिरायचे, डबी बोलली का, डबी बोलली का. नारळ ढवळे सरांच्या हौसेचा. आमच्यात तर बोअर मारायच्या आधीबी नारळ फोडतात, पाणी लागंल का नाय ते कुणाला ठावं असतं?" खान वकील पुढं सरकून बसले. हे शपथेवर सांगाल का, म्हणाले. जाऊबाईंनी सोललेला लसूण वाटीत टाकला. "सांगते की. मला आजपर्यंत कुणी इचारलंच नाय."

आणि मग मला ते फोन आठवले. डब्या सुधारल्या, गच्च्यांवर चढणं थांबलं, वर्षं गेली, तरी पाणी आलं की त्यांचा फोन यायचा. मलाच नव्हे, ढवळे सरांना, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्याला, प्रत्येकाला. डबी बोलली का? बोलली म्हटलं की फोन बंद. आम्हाला ती म्हातारपणाची सवय वाटायची, मी तर वैतागायची. परक्यांसमोर ज्याला 'चाचणी' म्हणायला जीभ वळली नाही, तो माणूस शेवटच्या पाण्यापर्यंत चाचणीच घेत होता. खान वकिलांना मी तेही सांगितलं. आता जाऊबाईंच्या मागोमाग मलाही साक्ष द्यायची आहे. निकाल काय लागेल ते माहीत नाही. खान वकीलही छातीठोक काही सांगत नाहीत. आम्हीही विचारत नाही.

परवा दुपारी डबी वाजली. मी मोटारीच्या बटणाकडं हात नेला आणि तशीच थांबले. फोन वाजला, नाव भाऊजींचं. तो फोन आता जाऊबाई वापरतात.

"डबी बोलली का गं?"

"बोलली," मी म्हटलं.

"ढवळे सरांची नाय बोलली. येताना पेचकस घेऊन ये."

मी मोटार लावली आणि निघाले.